हळदीच्या गाण्यातला अख्खा शॉट

ही गोष्ट घडली २०२३ साल सरताना आणि त्याच्या पाठोपाठची संक्रांत येताना. सोलापुरात, बाळीवेशीच्या मागच्या एका बोळात. सिद्रामाच्या गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे मैदानावर उभे राहायला लागले होते, घराघरांतून तीळ लावलेल्या भाकरीचा वास सुटला होता, आणि सावित्रम्माला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसं शाबासकी देत होती. ती शाबासकी कशाची, हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं.

सावित्रम्माने सत्तरी ओलांडलेली होती. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कंबर अजून ताठ. नवरा चनमल्लप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा दिवसभर मार्केट यार्डात अडत दुकानावर. घरी सून शिवलीला आणि नातू महेश्वर.

आणि चार घरं सोडून बिबीजान.

बिबीजान बांगड्या भरायची. आता बाया दुकानात जाऊन आपल्या आपण बांगड्या चढवतात, साबण लावून, कशातरी. पूर्वी बांगडी भरणं हे हात धरायचं काम होतं. बिबीजान समोर मांडी घालून बसायची, बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबत दाबत बोटं अशी जुळवून आणायची की मनगटापेक्षा लहान वाटणारी काचेची बांगडी अलगद सरकून जायची. तोंडानं एकच चालू असे, "ढिला सोड गे, हात ढिला सोड." हात आखडला की काच फुटते. कोणत्या पोरीला लग्न नको आहे हे तिला आईबापांच्या आधी कळायचं, पण ती बोलायची नाही. ती फक्त म्हणायची, "ढिला सोड."

सावित्रम्मा लग्न होऊन या बोळात आली तेव्हा तिचा चुडा बिबीजाननेच भरला. दोघी एका वयाच्या. बिबीजान नुकतीच सासूच्या हाताखाली धंदा शिकत होती. तिनं सावित्रम्माच्या हातावर दोन बांगड्या फोडल्या आणि दोघी हसत सुटल्या. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या. आणि चनमल्लप्पा गेला त्या दिवशी शेजारच्या बायका दगड घेऊन आल्या, तेव्हा बिबीजान गर्दीतून वाट काढत पुढं आली. "ज्या हातानं भरल्या त्या हातानं काढते. दगड कशाला पायजे?" असं म्हणून तिनं सावित्रम्माचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी न फोडता उतरवली. बायका कुजबुजल्या. सावित्रम्माला त्या दिवसातलं बाकी काही आठवत नाही, ते हात तेवढे आठवतात. काचेच्या बारीक कापांनी भरलेले, फिरोज्याच्या खड्याची अंगठी घातलेले.

महेश्वरचं काम गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चाले. तो गाण्यांचे व्हिडिओ करायचा. हळदीची गाणी, वरातीची गाणी, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं. शूटिंग करायचं, मग कॉम्प्युटरवर तुकडे कापून जोडायचे. सावित्रम्मा त्याला भाकरी घेऊन वर जायची आणि मागं उभी राहून बघायची.

"अरे, त्या पोरीचं तोंड तरी बघू दे की नीट. आली म्हणेपर्यंत गेली."

"आज्जी, तोंड बघत बसायला कुणाला टाइम हाय? एक शॉट दोन सेकंदांच्या वर गेला की माणूस अंगठ्यानं वर सरकवतो. बीट पडला की कट. बीट पडला की कट."

"भाजी चिरायला बसलायस काय रं?"

"कोशिंबीर समज."

"कोशिंबीर पण चावून खातात बाबा. तू गिळायला लावतोस."

तिला आठवायचं ते चनमल्लप्पाबरोबर बघितलेलं सिनेमातलं गाणं. नटी खिडकीशी उभी राहायची आणि अख्खं कडवं तिच्या चेहऱ्यावर जायचं. तिच्या डोळ्यात पाणी कधी येतंय याची सगळं थेटर वाट बघायचं. पुढच्या रांगेतले शिट्ट्या मारणारेसुद्धा गप्प व्हायचे. पाणी आलं की चनमल्लप्पा हळूच म्हणायचा, "आलं बघ." एवढंच. घरी येताना दोघं त्याच्यावर बोलत बोलत टिळक चौकापर्यंत चालत यायचे.

महेश्वरला हे तिनं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "त्यांच्याकडं दुसरा कॅमेरा नसेल."

त्या मार्गशीर्षात महेश्वरच्या डोक्यात आलं की आज्जीला येणारं जुनं हळदीचं गाणं घ्यायचं आणि त्याच्यावर डीजेचा ठेका टाकायचा. गाणं लांबलचक होतं. प्रत्येक कडव्यात एकेक नातलग हळद घेऊन येतो, मामा येतो, आत्या येते, आणि कडव्याची शेवटची ओळ बायका लांब ओढत नेतात. ते गाणं पुरतं येणाऱ्या बाया बोळात दोनच उरल्या होत्या. सावित्रम्मा आणि बिबीजान. बिबीजानला ते चुडे भरता भरता पाठ झालेलं. सावित्रम्मा ओळ विसरली की बिबीजान ओठ हलवून सांगायची.

शूटिंग घरामागच्या अंगणात झालं. आंब्याचे डहाळे बांधले, गल्लीतल्या धनलक्ष्मीला नवरी करून पाटावर बसवलं, भजनी मंडळाच्या बायका आल्या. मंडळाची म्होरकी गोजाबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली. महेश्वरनं एक कॅमेरा स्टँडवर लावला. "हा चालूच राहणार. याच्याकडं बघू नका. मी मोबाईलवर जवळचं घेत फिरतो. तुम्ही गाणं थांबवू नका, काय वाट्टेल ते होऊ द्या." शिवलीलानं ताटात हळद कालवली. बिबीजान आली, चप्पल काढली, सावित्रम्माच्या उजव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "आता या वयात हिरोईन व्हा." सगळ्या हसल्या.

गाणं चांगलं झालं. नंतर चहा झाला. त्या दिवसाबद्दल सावित्रम्माला विचारलं असतं तर तिनं एवढंच सांगितलं असतं.

आठ-दहा दिवसांनी महेश्वरनं व्हिडिओ दाखवला. सावित्रम्मानं चष्मा लावून फोन नाकाजवळ धरला. पिवळं काहीतरी उडालं, ताट दिसलं, दात दिसले, कुणाचा तरी कान, पुन्हा पिवळं, धाड धाड ठेका, आणि संपलं.

"मी कुटं हाय यात?"

"अगं किती वेळा दिसलीस! मेन तूच आहेस आज्जी."

"मला तर कोण दिसलंच न्हाय. डोळा टेकायच्या आत पळतंय."

"लोकांना दिसतंय. लई चाललंय." त्याचा चेहरा फुलला होता. आजवर त्याचं एवढं काही चाललं नव्हतं. सावित्रम्मानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय सोडला.

मग एका सोमवारी भजन संपल्यावर गोजाबाई तिच्याजवळ सरकली. आवाज खाली करून म्हणाली, "सावित्रम्मा, बरं केलंस बघ."

"काय केलं?"

"शब्द न बोलता दाखवलंस. आमाला न्हाय जमलं असतं."

"काय दाखवलं गं? सरळ बोल की."

"आता आमच्यापुढं कशाला झाकतीस?" गोजाबाईनं फोन काढला. तिचा अंगठा सराईत होता. तिनं व्हिडिओ नेमका तिथं थांबवला, मग हळूहळू पुढं नेला.

हळदीनं भरलेला एक हात पुढं आला. त्याच्यावर फिरोज्याची अंगठी. तुकडा बदलला. सावित्रम्माचा चेहरा, मान झटकन मागं, हनुवटी आत, कपाळाला आठी. पुन्हा हात. पुन्हा मान मागं. ठेक्याच्या प्रत्येक घावाला हात पुढं आणि मान मागं, हात पुढं आणि मान मागं, शेवटी मान मागं गेलेली तशीच थांबली आणि तिच्यावर गाण्याचं नाव आलं.

खाली लोकांनी लिहिलं होतं. गोजाबाईनं वाचून दाखवलं. "शाब्बास आज्जी." "असंच पायजे." "जुन्या माणसांना कळतं." मध्येच दुसऱ्या बाजूच्या कुणी तरी शिव्याही घातल्या होत्या, त्या गोजाबाईनं वाचल्या नाहीत, पण सावित्रम्मानं बघितल्या.

भजनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी गेल्या दोन-तीन वर्षांत काही नवी वाक्यं आली होती. त्यांची दुकानं, आपली दुकानं, कुणाकडून काय घ्यावं, काय घेऊ नये. सावित्रम्मा ती वाक्यं बोलत नसे. ऐकताना उठूनही जात नसे. आता त्या सगळ्या तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या.

घरी येऊन ती महेश्वरवर कडाडली. "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

महेश्वर भांबावला. तिनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याला दिसलं. "आईशप्पथ आज्जी, माझ्या डोक्यात पण न्हाय आलं. मी फक्त हालचाल बघतो. तुझी मान मागं गेली ती बरोबर बीटवर बसली, म्हणून तीन-चारदा वापरली. कोण कुणाला काय लावतंय, एवढं कोण बघतंय?"

"सगळं सोलापूर बघतंय की!"

त्यानं आपल्याकडचा व्हिडिओ काढून टाकला. पण तोपर्यंत तो दुसऱ्यांनी उचलला होता, कापून आणखी लहान केला होता. आता त्यात गाणंसुद्धा नव्हतं. फक्त हात आणि मान.

संक्रांत आली. दर संक्रांतीला बिबीजान नव्या बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून यायची, शिवलीलाला भरायची, धनलक्ष्मीला भरायची, आणि सावित्रम्माजवळ नुसतीच बसायची. त्या संक्रांतीला ती आली नाही. शिवलीला दुपारपर्यंत थांबली. मग नवी पेठेत जाऊन बांगड्या घालून आली. त्या तिला सैल होत होत्या.

दोन दिवसांनी बोळात टेम्पो उभा राहिला. बिबीजानचा मुलगा लालसाब कपाट चढवत होता. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, नई जिंदगी वस्तीत घर बघितलं होतं.

"का रे लालसाब? अचानक?"

"घर लहान पडतंय मावशी," तो दोरी बांधता बांधता म्हणाला. लहानपणी या पोरानं तिच्या हातची गव्हाची गोड हुग्गी ताट चाटून खाल्ली होती. त्यानं मान वर केली नाही. "अम्मी पुढच्या शुक्रवारपर्यंत हाय हितं."

सावित्रम्मा बिबीजानच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. आत जाऊन सांगणार काय? कारण तर तिच्याजवळ होतं, आणि ते खरं होतं याबद्दल तिला शंका नव्हती. ती विधवा बाई. बसवण्णांनी असलं काही सांगितलेलं नाही, विधवेला हळद वर्ज्य नाही, हे तिचे वडील सांगत असत. पण घरातल्या बायकांनी बसवण्णांना कधी विचारलं नव्हतं. चनमल्लप्पा गेल्यापासून तिनं कुणाच्या हळदीला हात लावला नव्हता. गायची, पण मागं बसून. त्या दिवशी हळदीचा हात समोर आला आणि सवयीनं मान मागं गेली. एवढंच होतं ते. हात बिबीजानचा होता म्हणून नव्हे. हात कुणाचाही असता तरी मान मागंच गेली असती.

पण तोंडानं सांगून काय होणार? उलटं सांगणारा व्हिडिओ अख्ख्या गावाच्या खिशात होता. सावित्रम्माला वाटलं, चित्राला चित्रानंच उत्तर द्यायला पाहिजे.

"महेश्वर, तो स्टँडवरचा कॅमेरा. तो चालूच होता म्हणालास. त्यातलं हाय का पुसलंस?"

"हाय. पण आज्जी, ते लई लांब हाय. सगळ्या गाण्याचा एकच शॉट. कट न्हाय, काय न्हाय. कंटाळशील."

"मला लांबच पायजे. ते बिबीला दाखवायचंय. शुक्रवारच्या आत."

तो एक दिवस शोधतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सापडत नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी सावित्रम्मा भाकरी न घेताच वर गेली आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. त्यानं तिच्याकडं बघितलं, स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाला, "बस."

अंगण दिसलं. कॅमेरा हलत नव्हता, काही उडत नव्हतं. बायका बसलेल्या होत्या, डहाळे वाऱ्यानं हलत होते, मांजर आलं, ताट हुंगून गेलं. सावित्रम्मानं चष्मा सारखा केला. तिला सगळं दिसत होतं. किती दिवसांनी एखादं चित्र तिच्यासाठी थांबलं होतं! प्रत्येक कडव्याच्या आधी ती उजवीकडं बघत होती, बिबीजान ओठ हलवत होती, आणि मग दोघी एकदम ओळ उचलत होत्या. बिबीजान मांडीवर थाप मारून ताल धरत होती. स्वतःला बिबीजानशेजारी बसलेलं तिनं असं बाहेरून कधीच बघितलं नव्हतं. दोन म्हाताऱ्या, एक पांढऱ्या लुगड्यात, एक निळ्या साडीत, एका श्वासाला थांबत होत्या.

गाणं संपत आलं. बायका एकमेकींना हळद लावायला लागल्या. बिबीजाननं हसत हसत ताटात हात घातला आणि सावित्रम्माच्या गालाकडं नेला.

मान मागं गेली.

"बघ," सावित्रम्मा म्हणाली. "हळद बघून गेली बघ मागं."

शॉट चालू होता. बिबीजानचा हात तसाच हवेत राहिला, मग तिनं तो आपल्याच गालाला पुसला आणि हसली. त्यानंतर डाव्या बाजूनं शिवलीला वाकून आली आणि तिनं सासूच्या गालाला भरभरून हळद लावली. पडद्यावरच्या सावित्रम्मानं गाल पुढं केला. डोळे मिटून हसली. सुनेची हनुवटी धरली. मग स्वतः ताटात बोटं बुडवून गोजाबाईच्या गालाला लावली, आणि गोजाबाईनं तिला, आणि कोण तरी ओरडलं, आणि बिबीजान एका बाजूला बसून गुडघ्यावर थाप मारत राहिली.

सावित्रम्मा बघत राहिली. तिला यातलं काही आठवत नव्हतं. हळद लावून घेतल्याचं नाही, लावल्याचं नाही. घरी आरशात पिवळा गाल दिसला असणार, धुतला असणार. ते कुठं गेलं?

"पुन्हा लाव."

त्यानं लावलं. पुन्हा तसंच झालं.

तिनं मनाशी कारणं शोधली. शिवलीला घरची, म्हणून. पण गोजाबाई कुठं घरची होती? बिबीजाननं आधी हात केला तेव्हा सवय आडवी आली आणि मग सुटली, म्हणून. तेही तिला पटेना. मग तिला दिसलं की मान मागं जायच्या आधी, अगदी निमिषभर आधी, पडद्यावरच्या सावित्रम्माचे डोळे गोजाबाईकडं गेले होते. मग कॅमेऱ्याकडं. मग मान.

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणून सापडत न्हाय म्हणालो," महेश्वर खाली बघत म्हणाला. मग माऊसवर हात ठेवून, "आज्जी, इथं थांबवू का? आईचा हात यायच्या आधी. बिबीआज्जीला एवढंच दाखव. तू म्हणतीस ते बरोबर दिसतंय इथपर्यंत. हळद आली, मान गेली, गाणं संपलं. कट."

सावित्रम्मानं पडद्यावरच्या हवेत राहिलेल्या हाताकडं बघितलं.

"कर," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती फोन घेऊन गेली. महेश्वर बरोबर आला आणि दारातच उभा राहिला. घर अर्धं रिकामं झालं होतं. बिबीजान जमिनीवर बसून बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत होती, रद्दीत गुंडाळत होती.

"क्या गे," ती म्हणाली. "आलीस?"

"आले."

"बैस. चटई गेली टेम्पोत. अशीच बैस."

सावित्रम्मा बसली. घाईघाईनं म्हणाली, "बिबी, ते लोकांनी काय काय केलंय ते खोटं हाय. तुकडे हायत ते. मी खरं आणलंय. अख्खं गाणं हाय, कुटं कट न्हाय. तू बघ."

महेश्वरनं फोन लावून दिला. बिबीजाननं तो गुडघ्याला टेकवून धरला. गाणं सुरू झालं आणि तिचं डोकं हलायला लागलं. मांजर आलं तेव्हा ती हसली. "चोट्टं मांजर." एका कडव्याला दोघींचा आवाज फाटला तिथं तिनं सावित्रम्माच्या गुडघ्याला कोपर मारलं. सावित्रम्माचा जीव भांड्यात पडला. जमलं, तिला वाटलं. अख्खं गाणं दाखवलं की माणूस निवतो.

हळदीचा हात आला. मान मागं गेली. हात हवेत राहिला. फोन काळा झाला.

"बघितलंस?" सावित्रम्मा म्हणाली. "विधवा बाई मी. हळदीचा हात आला की माझी मान आपोआप..."

बिबीजान काळ्या फोनकडं बघत होती. मग तिनं त्या काळ्या काचेवर बोट टेकवलं, डाव्या बाजूला. "हितनं शिवलीला येती," ती सावकाश म्हणाली. बोट सरकवलं. "तुझ्या गालाला लावती. तू तिची हनुवटी धरतीस." बोट पुढं गेलं. "मग गोजाबाई."

दारात महेश्वरनं पाय बदलला.

"मी तितंच बसले होते की सावित्री," बिबीजान म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सावित्रम्माला सोसवेना. "मला काय वाटलं न्हाय असं न्हाय. वाटलं. घरी येऊन हात धुतला अन् म्हटलं, होतं माणसाचं. संक्रांतीला जाईन, हिचा हात धरून बसेन, जाईल ते. मग ते फोनात फिराया लागलं. लालसाबचं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, पोरानं कापलंय ते, पोराचं कामच हाय कापायचं. सावित्री येईल. येईल अन् काय ते सांगेल. तोपर्यंत मी जाणार न्हाय तिच्या दारात." ती थांबली. "आज आलीस. तू बी कापूनच आणलंस गे."

सावित्रम्मा म्हणाली, "बिबी, मला ठाऊक न्हाय का मागं घेतली मान. सिद्रामाची आण, मला न्हाय ठाऊक."

"तुला न्हाय तर मला कसं असंल?"

मग सवयीनं म्हणा, किंवा निघायच्या आधी एकदा म्हणून म्हणा, बिबीजाननं सावित्रम्माचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्याखालचा भाग दाबला, बोटं जुळवली, पूर्वीसारखी.

"ढिला सोड."

सावित्रम्मानं डोळे मिटून घेतले. तिनं मनापासून प्रयत्न केला. खांदा सोडला, कोपर सोडलं. बोटं मात्र काठीसारखी राहिली.

"आखडलाय," बिबीजान म्हणाली, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. आणि हात उचलून परत सावित्रम्माच्या मांडीवर ठेवला.

शुक्रवारी टेम्पो शेवटची फेरी करून गेला.

बिबीजान नई जिंदगीत राहते. तिथं तिनं बांगड्यांचा धंदा बंद केला. डोळ्यांनी साथ सोडली, असं ती सांगते. उरलेले जोड नात आरजूच्या लग्नात वाटून टाकले. लालसाबचा टेम्पो अजून बाळीवेशीवरून जातो. दिसला तर तो हात करतो, थांबत नाही.

गोजाबाईचं भजनी मंडळ वाढलं आहे. सावित्रम्मा सोमवारी तिथं जाते, पण गाणं संपलं की गप्पांना बसत नाही, चप्पल शोधायला उठते. गोजाबाई तिला आता मानी झाली म्हणते. शिवलीला बांगड्या नवी पेठेतूनच घेते आणि साबण लावून घालते. दर वर्षी एखादी फुटते.

महेश्वर पुण्याला गेला. तिथं एका मोठ्या स्टुडिओत गाण्यांचे व्हिडिओ कापतो आणि त्याच्या हाताला वेग आहे म्हणून त्याला मान आहे. तो पूर्वीपेक्षा सावकाश कापतो की काय, असं सावित्रम्मानं एकदा विचारलं होतं. "छे गं आज्जी," तो म्हणाला, "आता दोन सेकंद पण जास्त होतात." मात्र जाण्याआधी तिनं मागितल्यावरून त्यानं तिच्या फोनमध्ये स्टँडवरच्या कॅमेऱ्याचा अख्खा शॉट घालून दिला, शिवलीलाच्या हातासकट, गोजाबाईच्या गालासकट.

तो दुसरा तुकडाही जिवंत आहे. लग्नसराई आली की कुणी तरी नव्या गाण्यावर तो बसवतं, आणि सावित्रम्माची मान कुठल्या तरी अनोळखी ठेक्यावर पुन्हा मागं जाते.

ती मधून मधून रिक्षानं नई जिंदगीला जाते. बिबीजान चहा करायला लावते. गुडघ्यांचं बोलणं होतं, नातवंडांचं होतं, हळदीच्या गाण्यातलं एखादं कडवं आठवत नसेल तर दोघी मिळून आठवतात. निघताना सावित्रम्मा थोडा जास्त वेळ बसते, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून. बिबीजान तिला जिन्यापर्यंत सोडायला येते. हात तिनं पुन्हा मागितलेला नाही.